गजभिये मॅडमची बर्फाची वही

डिसेंबर लागला की रोज सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी गजभिये मॅडम शाळेच्या ऑफिसात यायच्या, ओले हातमोजे हीटरवर टाकायच्या आणि माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवायच्या. चिठ्ठीवर पाच आकडे असत. ना 'गुड मॉर्निंग', ना सही. शाळेमागच्या तळ्यावर पाच ठिकाणी गिरमिटानं भोकं पाडून मोजलेली ती बर्फाची जाडी, इंचांत. त्यातला सगळ्यात लहान आकडा मी सकाळच्या अनाउन्समेंटमध्ये अगदी शेवटी वाचायचा, असा नियम होता. पहिल्याच वर्षी मी हुशारी करून पाचांची सरासरी वाचली. मॅडम पुन्हा ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "शुभदा, माणूस सरासरीवर उभा राहत नाही बाप्पा. तो एका जागी उभा राहतो."

मी त्या शाळेत सेक्रेटरी आहे. कॅनडातल्या सस्काटूनच्या कडेला, जिथं गाव संपून गव्हाची शेतं सुरू होतात, तिथं आयर्लंडहून आलेल्या चार नन्सनी ही शाळा काढली. आता नन्स नाहीत, त्यांचे फोटो आहेत. पण शाळेचा ढंग अजून आयरिशच. डिबेट, कॉयरचं समूहगान, आयरिश नाच आणि हर्लिंग, म्हणजे चपट्या तोंडाच्या लाकडी काठ्यांनी चेंडू बडवत खेळायचा त्यांचा खेळ. रोज सकाळी स्पीकरवर मुलांचे पराक्रम वाचणं हे माझं काम. रेजिना शहरातल्या डिबेटमध्ये आपल्या मुली दुसऱ्या आल्या, कॉयरची प्रॅक्टिस जिममध्ये होईल, नाचाच्या ग्रुपला मेडल मिळालं, आणि तळ्यावरचा बर्फ नऊ इंच. मुलं हसायची. मेडलांच्या पंगतीत हा बर्फ कशाला, असं मलाही सुरुवातीला वाटायचं.

मॅडम मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, शिक्षण नागपूरला. लग्नानंतर नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेल्या आणि तिथं याच नन्सच्या एका शाळेत नऊ वर्षं फिजिक्स शिकवत होत्या. मग नवऱ्याला सस्काटूनच्या खाणीत नोकरी लागली आणि नन्सच्या ओळखीनं मॅडम आमच्याकडे आल्या. नवरा लवकर गेला. मुलगा अनिकेत शिकायला म्हणून परत आयर्लंडला गेला तो तिथंच राहिला. "तिकडं शाळा म्हणजे मॅच, गाणं आणि भाषण," मॅडम सांगायच्या. "उरल्या वेळात अभ्यास. पण एक गोष्ट चांगली होती. मॅच हरले तरी स्कोअर लिहायचे. भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा."

बुटक्या, काटक, आणि थंडीत एक भडक नारिंगी कोट. त्या कोटामागं सहा मुलांची 'आइस टीम' चालायची, कमरेला दोरी बांधून, एकमेकांत दहा पावलांचं अंतर ठेवून. एकानं गिरमिट फिरवायचं, एकानं पट्टी घालायची, एकानं लिहायचं. वही मॅडमची. निळ्या पुठ्ठ्याची, चार रकान्यांची: तारीख, जागा, आकडा आणि 'मोजणारा'. शेवटचा रकाना कधी मोकळा चालायचा नाही. ज्याच्या हातात पट्टी होती त्याचंच नाव. चुकलं तर रबर नाही, व्हाइटनर नाही. पट्टी धरून एक आडवी रेघ. "खाली काय होतं ते दिसलं पाहिजे," असं त्या मुलांना इंग्रजीत सांगत आणि मला मराठीत. दर शुक्रवारी टीमला थर्मासमधून आल्याचा चहा मिळे. इथली मुलं तो नाक मुरडत प्यायला लागत आणि मार्चपर्यंत दुसरा कप मागत.

ही मापायची खोड कुठून लागली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. गाडीचे विंटर टायर बदलून घ्यायला आम्ही गॅरेजमध्ये बसलो होतो. त्यांच्या गावाला मोठं तळं होतं. उन्हाळ्यात आटलेलं. मोठा भाऊ म्हैस बाहेर काढायला आत उतरला. काठावर पंधरा माणसं होती. सगळे म्हणाले, जा, गुडघाभर पाणी आहे. "कुणी खोटं नव्हतं बोलत, शुभदा. सगळ्यांना तसंच वाटून राहिलं होतं," मॅडम म्हणाल्या. "फक्त कुणी मापलं नव्हतं." मग गॅरेजवाल्यानं हाक मारली आणि त्या उठून गेल्या. त्यानंतर तो विषय नाही.

माणसाला धीर देणं त्यांना जमत नसे. माझ्या मुलीला, याच शाळेत शिकणाऱ्या सईला, गणितात चाळीस मार्क पडले तेव्हा मी "जाऊ दे गं, पुढच्या वेळी" म्हणत होते आणि मॅडम शेजारी बसून विचारत होत्या, "कोणतं गणित चुकलं? आकडा सांग." 'आकडा सांग' हे त्यांचं पालुपद. मुलं मागं त्यांची नक्कल करायची. ताप आलाय म्हणून कुणी सुट्टी मागितली की किती ताप. भूक लागली म्हटलं की कधी जेवलीस. आंबेडकर जयंतीला सस्काटूनमधली वीसेक घरं जमत, त्यातही किती लोक आले हे त्या दारात उभं राहून मोजत आणि खीर कधी कमी पडू देत नसत.

या सगळ्या मोजामोजीला टोक होतं ते सतरा मार्चचं, आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या सणाचं. त्या दिवशी आमच्याकडे तळ्यावर हर्लिंगची मॅच होते, आजची मुलं विरुद्ध माजी विद्यार्थी. नन्सनी सुरू केलेली प्रथा. बर्फावर गोलपोस्ट उभे करतात, अख्खी शाळा तळ्यावर उभी राहते, म्हातारे माजी विद्यार्थी दुरून गाडी चालवत येतात. इन्शुरन्सवाल्यांनी एकच अट घातलेली: तळ्याबद्दल मिसेस गजभियेंची लेखी परवानगी पाहिजे. मॅडमची अट त्याहून सोपी. सगळ्यात लहान आकडा बारा इंच, नाही तर खेळ नाही. मार्चमध्येही इथं हाडं गोठवणारी थंडी असते, त्यामुळे आकडा नेहमी बाराच्या पुष्कळ वर असे. तरी त्या मॅचच्या दिवशी सकाळी पुन्हा मोजत आणि खेळ चालू असताना काठावर पाठ करून उभ्या राहत. बघत नसत, ऐकत असत. जाड बर्फ थंडीत आवाज करतो. खोलवर कुणीतरी दार ढकलावं तसा घुमतो. नव्या माणसाला त्याची भीती वाटते. मॅडम म्हणायच्या, "बर्फ बोलतो तोवर बरा. गप्प झाला की काठावर या."

गेल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात तळ्याच्या पश्चिमेला, चढावर, नवी वस्ती झाली. रांगेनं घरं, आणि त्यांच्या रस्त्यांचं पाणी आमच्या तळ्यात सोडणारा एक जाड पाइप. डिसेंबरात मॅडमच्या पाच आकड्यांतला पश्चिमेकडचा आकडा बाकीच्यांपेक्षा लहान येऊ लागला. त्या चिठ्ठीवर त्याला गोल करायला लागल्या. "वरून दिसत नाही," त्या म्हणाल्या. "खालून खाऊन राहिलं आहे."

जानेवारीत त्या स्वतःच आजारी पडल्या. आधी पाठ दुखते म्हणायच्या, मग डोळे पिवळे झाले, मग एका शनिवारी हॉस्पिटल. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मीच घेऊन गेले होते, माझंच नाव त्यांनी जवळची व्यक्ती म्हणून फॉर्मवर लिहिलं. त्यांच्या जागी आलेल्या तरुण मास्तरांना तळ्यात काही रस नव्हता, आणि शिक्षकाशिवाय मुलांना बर्फावर सोडायचं नाही हा मॅडमचाच नियम. त्यामुळे मोजणं थांबलं. अनाउन्समेंटमधून शेवटची ओळ गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं होतं.

त्याच सोमवारी शाळा सुटल्यावर मी हॉस्पिटलात गेले. नाकात नळी, हाताला सलाइन. डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजचं रीडिंग?"

इथं मला माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. आम्ही मिरजेचे. आमच्याकडे आजारी माणसाला खरं सांगत नाहीत. माझे वडील अंथरुणावर होते तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ वारला, आणि आम्ही चार महिने त्यांना सांगत होतो, काकांचं बरं चाललंय, तुमची आठवण काढतात. काकांच्या वतीनं मी एक पत्रही लिहिलं होतं. वडील ते उशीखाली ठेवून गेले. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही, उलट आपण वडिलांचं केलं असंच वाटत आलं. तेव्हा मॅडमनी रीडिंग विचारल्यावर मला विचारसुद्धा करावा लागला नाही. मी म्हणाले, "चौदा, मॅडम. टीम रोज जाते. तुम्ही काळजी करू नका."

त्यांचा चेहरा सैल पडला. मला म्हणाल्या, "वही दे." मी उशाशी ठेवलेली निळी वही दिली आणि त्यांनी आकडा लिहिला.

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की हॉस्पिटल, डब्यात थोडा मऊ भात आणि तोंडात आकडा. मनचे आकडे सांगताना मॅडमसारख्या बाईला शंका येईल म्हणून मी त्यातही शहाणपणा केला. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या. त्यातली त्या तारखेची चिठ्ठी काढायची, पाचही आकडे पाठ करायचे, आणि सांगायचे. आकडे खरेच होते, फक्त त्या वर्षाचे नव्हते. पश्चिमेचा आकडाही चांगला आहे म्हटल्यावर मॅडमनी एकदा भुवई उचलली. "सुधारून राहिला? बरं आहे." त्या लिहायच्या, आणि 'मोजणारा'च्या रकान्यात 'टीम' असं घालायच्या. एकाचं नाव त्यांनी विचारलं नाही. एरवी विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, दुसरं काय.

फेब्रुवारी विचित्र निघाला. आधी भरपूर हिम पडून तळ्यावर गोधडीसारखं बसलं, खालच्या बर्फाला थंडी लागू न देणारं, मग ऐन थंडीत दोनदा पाऊस. पार्किंगमधलं हिम फावड्यानं उपसणारे आमचे शिपाईबुवा म्हणाले, असा फेब्रुवारी त्यांनी पाहिलेला नाही. तळं वरून पांढरंशुभ्र दिसायचं. माझी खिडकी तळ्याच्या बाजूला आहे. एक दिवस मेडलांची यादी टाइप करताना मला जाणवलं की बरेच दिवस तो घुमण्याचा आवाज ऐकला नाही. मनात पाल चुकचुकली. मी खिडकीची काच पुसली, बाहेर पाहिलं आणि पुन्हा टाइप करायला लागले.

मॅचच्या आठ दिवस आधी प्रिन्सिपॉल डॉयल माझ्या टेबलाशी आले. त्याच वर्षी रुजू झालेले, उत्साही गृहस्थ. म्हणाले, मिसेस गजभियेंना त्रास द्यायचा नव्हता, पण कागद तर हवा, म्हणून मी त्यांना ईमेल केली होती. त्यांचं उत्तर आलं. किती कर्तव्यदक्ष बाई! प्रिंट काढून बोर्डावर लाव.

मी स्क्रीनवर वाचलं. रीडिंग्ज रोज घेतली जात आहेत, सर्वांत लहान आकडा चौदा, मॅचला माझी परवानगी आहे. खाली पूर्ण नाव.

प्रिंटर सुरू झाला. आजारी बाईच्या समाधानासाठी केलेली माझी बडबड आता शाळेच्या लेटरहेडवर आली होती. चारशे मुलं त्या कागदावर उभी राहणार होती. आणि सगळ्यांत पुढं माझी सई, कारण ती त्या वर्षी हर्लिंगची कॅप्टन होती.

कुणालाही वाटेल, मी त्याच मिनिटाला डॉयलना सांगायला हवं होतं. मलाही वाटतं. पण मी तो कागद बोर्डावर लावला, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. आइस टीमच्या मुलांनीही तो वाचला, त्यांना वाटलं, आता मोठी माणसं मोजत असतील. मनाशी म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, जानेवारीत केवढी थंडी होती, बर्फ असणारच. मग म्हटलं, डॉयलना सांगितलं तर मॅडमना कळेल, आणि या अवस्थेत त्या खचतील. म्हणजे त्याही वेळी मी मॅडमचीच काळजी घेत होते! माणूस स्वतःला किती मऊ भात भरवू शकतो त्याला सीमा नाही.

घरी सईला म्हटलं, यंदा नको खेळूस. काठी टेकवून ती म्हणाली, "आई, आर यू सीरियस? आय ॲम द कॅप्टन." मी म्हटलं, बर्फाचा काय भरवसा. ती हसली. "मिस साइन्ड इट. शी नेव्हर साइन्स एनिथिंग शी हॅजन्ट मेजर्ड." खरंच होतं ते.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी गोलपोस्ट उभे केले. मुलांनी पश्चिमेच्या पोस्टला हिरव्या फिती बांधल्या. मी खिडकीतून पाहत होते. मग पर्स उचलली आणि हॉस्पिटलला गेले.

मॅडम त्या दिवशी उशीला टेकून बसल्या होत्या. वही मांडीवर. नर्सला पानं दाखवत होत्या, एकोणीस हिवाळे, शाळेचा एकही दिवस सुटलेला नाही म्हणून. मला पाहून नर्सला म्हणाल्या, "शी सेव्ह्ड माय रेकॉर्ड." नर्स हसून गेली. मी डबा ठेवला.

"उद्या सई खेळून राहिली ना?" मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "कॅप्टन पोट्टी आपली. आजचा आकडा सांग."

त्या तारखेची चिठ्ठी मला पाठ होती. सोळा, सतरा, सोळा, पंधरा, सतरा. मी डबा उघडला आणि पुन्हा लावला. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. थांबण्यात त्यांना कधी अवघड वाटत नसे, वर्गातही उत्तर येईपर्यंत अशाच उभ्या राहायच्या.

"मॅडम," मी म्हणाले, "कुणी मापलं नाही."

"आज?"

"जानेवारीपासून. तुम्ही इथं आलात तेव्हापासून कुणी तळ्यावर गेलंच नाही. मी गेल्या वर्षीचे आकडे सांगत होते."

मी रडायला लागले. त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टेबलावरची पट्टी मागितली. वही उलटी करून जानेवारीतल्या त्या सोमवारपर्यंत गेल्या. पट्टी धरली आणि एक आडवी रेघ मारली. मग दुसरी. मी म्हटलं, मॅडम, आधी फोन करूया. त्या म्हणाल्या, "मी खोटी वही घेऊन फोन नाही करणार." बत्तीस दिवस होते. प्रत्येक ओळीखाली आकडा वाचता येत होता, आणि प्रत्येक रेघेशेवटी त्यांनी 'मापलेलं नाही' असं लिहिलं. हात दुखला की थांबायच्या, पण पेन माझ्याकडे दिलं नाही. शेवटची रेघ झाल्यावर म्हणाल्या, "काठावर पंधरा माणसं होती, शुभदा." एवढंच. मला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मग म्हणाल्या, "फोन लाव."

डॉयलना त्यांनी इंग्रजीत, वर्गात बोलायच्या त्या आवाजात सांगितलं की मी दिलेली परवानगी मागे घेते. नोंद चुकीची आहे. मी न मापलेल्या आकड्यावर सही केली, चूक माझी. माझं नाव घेतलं नाही. मी शेजारी उभी होते आणि "नाही, चूक माझी" असं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. पलीकडून डॉयल समजावत होते. पोस्ट लागलेत, लोक गाडीत बसून निघालेत, वरून बर्फ उत्तम दिसतोय, सकाळी बघू. मॅडम म्हणाल्या, बघू नका, मापा. आणि फोन माझ्या हातात दिला.

"गिरमिट लॅबच्या कपाटात आहे," त्या मला म्हणाल्या. "सकाळी तू जा. एकटी नको, दोरी बांधून. काठापासून सुरू कर आणि दर पाच पावलांवर भोक पाड. दहाच्या खाली आला की परत फीर. मला फोन करू नको, आधी शाळेला सांग."

सकाळी उजाडताच मी आणि डॉयल तळ्यावर गेलो. दोरीचं दुसरं टोक शिपाईबुवांच्या हातात. रात्रीत मी डॉयलना सगळं सांगून टाकलं होतं, कुणी किती मापलं आणि कुणी किती बोललं. काठाशी पहिलं भोक अकरा. गिरमिट मी पहिल्यांदाच हातात धरलं होतं, माझे खांदे भरून आले. पाच पावलांवर नऊ. मी परत फिरा म्हटलं. डॉयल म्हणाले, एक आणखी, नाही तर लोक मला विचारतील. पुढच्या ठिकाणी गिरमिट चार वेळा फिरवलं आणि ते हातातून एकदम खाली गेलं. भोकातून काळं पाणी वर आलं आणि पांढऱ्यावर पसरायला लागलं. पट्टी घातली. साडेतीन.

आम्ही दोघं हललो नाही. कुठं काही आवाज नव्हता. तेवढ्यात डॉयलनी माझा दंड धरला आणि समोर दाखवलं. पश्चिमेकडचा गोलपोस्ट खाली जात होता. कडकड नाही, तडा नाही. उभाच्या उभा, हळूहळू, आधी जाळी भिजली, मग आडवा दांडा गेला. हिरव्या फिती थोडा वेळ पाण्यावर राहिल्या. मग त्याही गेल्या.

त्या सकाळी मी स्पीकरवर पराक्रम वाचले. डिबेटवाल्यांना शुभेच्छा दिल्या, नाचाच्या मुलींची वेळ सांगितली. शेवटी म्हणाले, आजची मॅच रद्द आहे, तळ्यावरचा बर्फ साडेतीन इंच. वर्गावर्गांतून ओरडा ऐकू आला. सई तणतणत ऑफिसात आली. मी तिला खिडकीशी नेलं. तिनं ते काळं पाणी पाहिलं, आणि मग लहानपणी यायची तशी येऊन मला चिकटली. तिला मी तिथंच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यू लाइड टू मिस?" खुनाचा आरोप असता तरी तिचा आवाज असाच लागला असता.

डॉयलनी माझ्या फाइलमध्ये एक कडक पत्र घातलं. ते योग्यच होतं. मी त्यावर सही केली, आणि खाली काय होतं ते कुणालाही वाचू देईन.

त्या संध्याकाळी मॅडमकडे गेले. त्यांनी वही उघडून धरली होती. "सांग." मी तीन आकडे सांगितले. अकरा, नऊ, साडेतीन. त्यांनी लिहिले. मोजणाऱ्याच्या रकान्याशी आल्यावर विचारलं, "पट्टी कुणाच्या हातात होती?" मी म्हटलं, माझ्या. त्यांनी माझं नाव लिहिलं. त्या वहीत ते पहिल्यांदाच आलं.

आठवड्याभरानं त्या पार थकल्या. अनिकेतला तिकीट मिळत होतं, पण कधी निघू असं तो विचारत होता. मॅडमनी मला बोलावलं. "डॉक्टर मला गोड बोलतात. डेज मे व्हेरी, म्हणतात. तू बाहेर जाऊन विचारून ये. तुला सांगायची मी परवानगी दिली आहे."

कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. परत येताना तो कॉरिडॉर फार लांब वाटला. मिरजेचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं: बरं चाललंय, औषध लागू पडतंय, अनिकेतला सावकाश येऊ दे. दारात उभी राहिले. मॅडमनी डोळे उघडले. चेहऱ्यावर आता फक्त डोळेच राहिले होते.

"आकडा सांग."

"दोन आठवडे," मी म्हणाले. "फार तर तीन."

त्यांनी मान हलवली. वही मागितली. तारीख, मग आकडा. अक्षर वाचता येत होतं. मग माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "अनिकेतला आजच फोन कर," त्या म्हणाल्या. "आणि रडू नको. बरोबर सांगितलंस तू. आता मला किती काम आहे ते कळून राहिलं."

अनिकेत तिसऱ्या दिवशी पोचला. त्याच्याशी त्या तासन्‌तास बोलल्या. शेवटच्या वर्गाचे जानेवारीपासून राहिलेले पेपर तपासून दिले, आइस टीमच्या सहा मुलांना एकेक ओळीची चिठ्ठी लिहिली, लॅबच्या कपाटाची चावी माझ्या हातात दिली. दोन आठवड्यांत बसतील एवढीच कामं त्यांनी घेतली होती, आणि ती सगळी पुरी केली.

सोळाव्या दिवशी सकाळी मॅडम गेल्या. वही अनिकेतनं माझ्याकडे दिली. दोन ते तीन आठवडे, असं त्यांनी लिहिलेल्या ओळीखाली मी तारीख घातली आणि आकडा लिहिला, सोळा दिवस. शेवटच्या रकान्याशी आल्यावर हात थांबला. पण त्या सोळाही दिवशी मी तिथं होते, एकही दिवस न चुकता गेले होते, एकेक करून मोजले होते. मी माझं नाव लिहिलं.